अकराच्या आत एक शून्य

थोरल्या लेकीच्या वेळी वाल्माई लीश्केला कळा सुरू झाल्या त्या सकाळी आठला. इस्पितळ ऐंशी किलोमीटरवर. मर्विन गाडी काढून दारात उभा, हातात बॅग, तोंडाला कोरड. आणि ही म्हणाली, "तासाभराने काय बिघडतंय?" नऊच्या ठोक्याला ती पोट सावरत कुंपणाशी गेली, पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतलं, डोळ्यांसमोर धरून वाचलं, वहीत लिहिलं आणि मग गाडीत बसली. लेकीचं जन्माचं वजन तिला आज विचाराल तर आठवायचं नाही. पाऊस आठवतो. दोन पूर्णांक दोन मिलिमीटर.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या विराबिल्लाच्या या शेतावर पाऊस मोजायला सुरुवात केली ती मर्विनच्या आजोबांनी. त्यांच्यामागे मर्विनच्या आईने ते काम केलं, आणि जाताना तिने काचेची नळी लेकाच्या हातात न देता सुनेच्या हातात दिली. "हा विसरेल," एवढंच म्हणाली. मर्विन तेव्हा तिथेच उभा होता. त्यालाही ते पटलं.

येत्या एकतीस मार्चला या वहीला शंभर वर्षं होणार होती. शंभर वर्षांत एकही दिवस रिकामा नाही. हवामानवाल्यांनी पितळी पाटी द्यायचं कबूल केलं होतं, पण अट एकच, खंड पडता कामा नये. पूर्वी महिन्याचा कागद पोस्टाने जायचा, कोणाला घाई नव्हती. आता रोजचा आकडा रोज, कॉम्प्युटरवरून, अकराच्या आत. अकरा वाजले की त्या दिवसाच्या चौकटीला कुलूप लागायचं आणि आत एक आडवी रेघ उमटायची. रेघ म्हणजे वाचन झालं नाही. शून्य म्हणजे पाऊस झाला नाही. या दोहोंत किती अंतर आहे हे वाल्माईला कोणी सांगायची गरज नव्हती.

फेब्रुवारी संपत आला होता. सोमवारची सकाळ. सलग चोविसाव्या दिवशी मापकात धूळ आणि एक मेलेला टोळ निघाला. टोळ झटकून वाल्माईने वहीत शून्य लिहिलं, आत आली, कॉम्प्युटर सुरू केला. हा कॉम्प्युटर धाकट्या लेकीच्या शाळेसाठी घेतलेला. लेक शिकली, नोकरीला लागली, तिची लेक शाळेत जायला लागली, कॉम्प्युटर तोच. सुरू झाला की त्याचा पंखा लोकर कातरायच्या शेडसारखा घरघरायचा.

आज कोपऱ्यातल्या छोट्या चित्रावर लाल फुली होती.

"मर्विन! इंटरनेट गेलंय."

मर्विन टोस्टला लोणी लावत होता. "येईल."

"येईल म्हणजे? शाळेची बस आहे का ती?"

"थोडा वेळ दे त्याला."

वाल्माईने वेळ दिला. मोडेम बंद करून चालू केला. त्याचे सगळे दिवे शहाण्या मुलांसारखे हिरवे लागले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्याने अकरा मिनिटं घेतली आणि फुली परत आणून दाखवली. घड्याळात नऊ चाळीस.

"बेरिलकडून पाठव की," मर्विन टोस्टकडे बघत म्हणाला. "चौदा किलोमीटर तर आहे."

वाल्माईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने टोस्ट खाली ठेवला.

बेरिल म्हणजे टेकडीपलीकडची शेजारीण. तिच्या घरीही वही होती, ब्याण्णव वर्षांची. पण एका ऑगस्टात बेरिल बहिणीच्या लग्नाला अ‍ॅडलेडला गेली आणि तीन दिवस कोरे राहिले. ते तीन दिवस वाल्माईने गेली तीस वर्षं दर चर्चच्या चहाला कुठल्या ना कुठल्या बहाण्याने उकरून काढले होते. "बेरिल, तुझ्या बहिणीचं कसं चाललंय गं?"

"बेरिलच्या घरी जाऊ? बेरिलच्या खुर्चीत बसू? आणि बेरिल मागे उभी राहून मला बिस्किट देणार? त्यापेक्षा शून्य कपाळावर गोंदवून चालत अ‍ॅडलेड गाठेन."

"मग त्या इंटरनेट कंपनीच्या मदतवाल्यांना फोन लावू," मर्विन म्हणाला, पण त्यात उत्साह कमी होता. एरवी बायकोवर संकट आलं की हा माणूस हातोडी घेऊन धावायचा. आज तो दोनदा दारापर्यंत जाऊन परत आला. वाल्माईला तेव्हाच शंका यायला हवी होती.

विराबिल्लात मोबाइलला रेंज येते ती एकाच जागी, पाण्याच्या उंच टाकीच्या माचीवर. वाल्माईचा गुडघा शिडी चढू देत नाही. म्हणून ठरलं ते असं: मर्विन माचीवर फोन घेऊन बसेल, वाल्माई स्वयंपाकघराच्या खिडकीशी कॉम्प्युटरवर बसेल, तिकडून जे सांगतील ते मर्विन वरून ओरडेल आणि इकडे काय झालं ते वाल्माई खालून ओरडेल. फोन जुना, बटणांचा. त्यातला आवाज मर्विनच्याच कानाला जेमतेम ऐकू यायचा.

"लागला!" मर्विन वरून ओरडला. "बाई आहे! लोसालिनी नाव! फिजीतून बोलते, सुवाहून!"

"नमस्कार सांग! आणि अकराच्या आत व्हायला हवं म्हणावं!"

मर्विनने सांगितलं. ऐकलं. मान हलवली.

"म्हणते, वायर बघ!"

वाल्माई गुडघ्याला शिव्या घालत टेबलाखाली शिरली. वायर जिथे असायची तिथेच होती. "ठीक आहे!"

आता मर्विन बराच वेळ ऐकत राहिला. एक कावळा माचीच्या कठड्यावर येऊन बसला, कंटाळून उडून गेला, तरी तो ऐकतच होता. मग खिडकीकडे वळला.

"म्हणते, वायर परत बघ!"

वाल्माई परत शिरली. परत बाहेर आली. "वायरीला काही झालेलं नाही!"

पुन्हा वर तेच. तिकडून अर्धा मिनिट बोलणं, इकडे हूं, हूं, नाही म्हणजे, हूं. मग:

"म्हणते, घरात उंदीर आहेत का?"

"उंदीर? ती सुवात बसून माझ्या घरातले उंदीर विचारते?"

"त्यांच्याकडे यादी असते, वाल्. यादीत असेल!"

वाल्माई तिसऱ्यांदा टेबलाखाली जाणार, तेवढ्यात तिने वर पाहिलं. मर्विनने हॅट काढली होती आणि तो हॅटच्या आत बघत होता.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात मर्विन लीश्के हॅटच्या आत फक्त चारदा बघताना दिसला होता. एकदा त्याने लिलावात चुकून एमू पक्ष्यांची जोडी घेतली तेव्हा. एकदा तिचं नाताळचं बदक कुत्र्याने नेलं आणि कुत्र्याची साखळी यानेच सोडली होती तेव्हा. उरलेले दोन प्रसंग वाल्माई अजून कोणाला सांगत नाही.

ती उठली, मागच्या दाराने बाहेर आली आणि टाकीखाली उभी राहिली. घड्याळात सव्वादहा.

"मर्विन, ती काय विचारतेय?"

"वायर..."

"मर्विन."

मर्विनने हॅटमध्ये पाहिलं.

वाल्माईने शिडी दोन्ही हातांनी उचलली, माचीपासून लांब नेली आणि वाळक्या गवतावर आडवी ठेवली. मग हात झटकले.

"आता ती बोलेल तो शब्द न् शब्द खाली येऊ दे. एक जरी शब्द वर राहिला ना, तर त्याच्या सोबतीला तूही वरच राहशील."

मर्विनने शिडीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, मग फोन कानाला लावला. "हॅलो. हो, इथेच आहे. आता कुठे जाणार? ते मघाचं परत एकदा विचारता का? बायकोला ऐकायचंय."

त्याने ऐकलं, डोळे मिटले आणि चर्चमध्ये धडा वाचावा तशा आवाजात म्हणाला, "ती म्हणते, 'सर, मी तुम्हाला चौथ्यांदा विचारते आहे. अलीकडे घरातल्या कोणी कॉम्प्युटरच्या आत आपोआप चालणाऱ्या सर्व्हिसेस बंद केल्या आहेत का?'"

"आणि तू तीनदा काय सांगितलंस?"

"म्हटलं, बायकोला विचारून सांगतो."

वाल्माईने कमरेवर हात ठेवले. "केल्यास?"

"काल तू कोंबड्यांकडे होतीस," मर्विन म्हणाला. "कॉम्प्युटर मंद चालतो म्हणून तूच कुरकुरत होतीस. म्हटलं बघू तरी आत काय आहे. तर एक यादी निघाली. वाल्, दीडशे! दीडशे गोष्टी आत चालू होत्या! आणि वापरत कोणीच नव्हतं! घरात मी एकटा होतो!"

इथे मर्विनची बाजू सांगणं भाग आहे. ज्या गावात प्यायचं पाणी छपरावरून टाकीत आणि टाकीतून थेंबाथेंबाने नळात येतं, तिथे पोरं चालायच्या आधी नळ बंद करायला शिकतात. मर्विन तर यात सगळ्यांचा गुरू. पुतण्याच्या लग्नाला निघालेला हा गृहस्थ साठ किलोमीटरवरून गाडी मागे फिरवून आला होता, कारण बागेतला नळ बंद केला का अशी शंका आली. नळ बंदच होता. तरी त्याने तो अजून थोडा आवळला आणि मग शांत मनाने लग्नाला गेला, केक कापून झाल्यावर. अशा माणसाच्या समोर दीडशे ओळी, आणि ओळीओळीला 'चालू आहे', 'चालू आहे'. त्याला ते गळतानाच दिसलं असणार.

"किती बंद केल्यास?"

"मोजल्या नाहीत. वरून सुरुवात केली. ए झालं, बी झालं, सी झालं. काही बटणं दबेचनात, ती सोडली. एनपर्यंत आलो आणि तू जेवायला हाक मारलीस."

"म्हणजे मला बीट चिरायला अजून थोडा उशीर झाला असता तर?"

"झेडपर्यंत गेलो असतो," मर्विन म्हणाला. त्यात जरा अभिमानच होता. मग सारवासारव म्हणून म्हणाला, "फॅक्सची ठेवली."

"काय ठेवली?"

"फॅक्सची सर्व्हिस. ती चालू ठेवली."

"आपल्याकडे फॅक्स कधी होता?"

"नव्हता. पण नाव वाचून कळलं असं ते एकच होतं."

वर फोनमधून काहीतरी आवाज आला. मर्विनने ऐकलं. "ती म्हणते, 'सर, धन्यवाद. आता आपल्याला पुढे जाता येईल.' आणि ती खोकतेय, वाल्. नाही, हसतेय."

वाल्माई गुडघा ओढत खिडकीशी परत आली. दहा बावीस.

आता मात्र वरून शब्द न् शब्द पडायला लागला. "ती म्हणते, 'मॅडम, सर्व्हिसेसची यादी उघडा!' ती म्हणते, 'डीपाशी जा!' ती म्हणते, 'डीएचसीपी क्लायंट दिसतो का?' ती म्हणते, 'सर, एवढ्या मोठ्याने नको, माझ्या कानात येतं!' हे तुझ्यासाठी नव्हतं बहुतेक!"

"दिसतो! पुढे 'अक्षम' लिहिलंय!"

"ती म्हणते, 'मोडेम प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता देतो. तो पत्ता आणायला जाणारा माणूस म्हणजे हा. सरांनी त्याला झोपवलाय. तुमच्या कॉम्प्युटरला सध्या पत्ताच नाही!'"

"ज्याला पत्ता नाही त्याला पत्र कुठून येणार," वाल्माई स्वतःशी म्हणाली. तिने त्याच्यावर दोनदा टिचकी मारली, 'अक्षम' काढून 'आपोआप' केलं, सुरू कर म्हणून बटण दाबलं. हिरवी पट्टी थोडी सरकली, अडली आणि एक चौकट उगवली.

"हा म्हणतो, मी दुसऱ्या एका सर्व्हिसवर अवलंबून आहे आणि ती सुरू झालेली नाही!"

वर जरा वेळ गेला. "ती म्हणते, 'त्याच खिडकीत तो कोणाकोणावर अवलंबून आहे याची वेगळी यादी आहे, ती बघा. त्यात नेटवर्क स्टोअर असं काही आहे का?'"

"आहे!"

"ती म्हणते, 'मग आधी तिला उठवा. ती उठल्याशिवाय हा उठणार नाही आणि हा उठल्याशिवाय बाकीचे हलणार नाहीत!'"

वाल्माईला हे लगेच समजलं. चर्चच्या हॉलमधल्या जेवणाला दरवेळी हेच व्हायचं. पाद्रीबाई बसल्याशिवाय वडीलधारी बसायची नाहीत, वडीलधारी बसल्याशिवाय बाकीचे ताट उचलायचे नाहीत, आणि पाद्रीबाई आत बटाटे सोलत असायच्या. ती यादीत खाली सरकत गेली. एन. नेटवर्क, नेटवर्क, नेटवर्क, एकाखाली एक, सगळ्या निजलेल्या.

"ती माझी शेवटची होती!" मर्विन वरून म्हणाला. आता खरं बोलायची त्याला गोडीच लागली होती. "तिला बंद करताना कॉम्प्युटरने विचारलंही, हिच्यासोबत आणखी पाच बंद होतील, चालेल का? म्हटलं, वा, एका फेरीत सहा!"

"मर्विन, सूर्य कुठे आलाय बघ आणि गप्प बस!"

सूर्य माचीवर आला होता. सदतीस अंश तरी असेल. दहा एकेचाळीसला नेटवर्क स्टोअर उठली. तिची पट्टी इतकी सावकाश सरकली की वाल्माईने तिला तोंडाने ओढून नेलं, "चल गं बाई, चल, चल, अजून जरा." मग डीएचसीपी उठला, कुरकूर न करता. मग डीएनएस, ज्याला म्हणे सगळ्यांची नावं पाठ असतात. मग उरलेल्या नेटवर्कवाल्या, एकेक करून. कोपऱ्यातली लाल फुली गेली, तिथे काहीतरी गोल गोल फिरलं आणि थांबलं.

"फुली गेली!"

"ती म्हणते, 'मॅडम, आता तुमचं काम उघडून बघा!'"

दहा पन्नास. हवामानवाल्यांचं पान उघडायला लागलं. आधी वरची निळी पट्टी आली. मग ढगाचं चित्र, अर्धं. विराबिल्लात ढग असाच येतो, अर्धा येऊन विचार बदलतो. मग तारखेची चौकट आली, रिकामी. वाल्माईने एका बोटाने शून्य टाइप केलं, टिंब दिलं, पुन्हा शून्य, आणि पाठवा म्हटलं.

पडद्यावर प्रश्न आला: आपण शून्य नोंदवले आहे. आपली खात्री आहे का?

"माझी खात्री आहे का!" वाल्माई पडद्याला म्हणाली. "चोवीस दिवस मी रोज टोळ काढते आहे त्यातून. ये तू इथे, ये आणि बघ!"

"काय झालं?" वरून.

"काही नाही! मला विचारतोय, खात्री आहे का!"

"हो म्हण, वाल्! लवकर हो म्हण!"

तिने हो म्हटलं. दहा चोपन्नला चौकटीत हिरवी खूण उमटली. वाल्माईने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती थोडा वेळ त्या शून्याकडे नुसतं बघत राहिली. जमलेल्या केककडे बघतात तसं.

"गेलं?"

"गेलं!"

मर्विनने आनंदाने हॅट हवेत उडवली. ती कठड्याबाहेर गेली आणि खाली पडली, शिडीशेजारी. मर्विनने टकलावर हात ठेवला. "वाल्, आता शिडी..."

"ती फोनवर आहे का अजून?"

"आहे."

"मग आधी नीट आभार मान. पोरीने सगळी सकाळ घातली आपल्यापायी."

मर्विनने आभार मानले. दोनदा. मग ओरडला, "ती म्हणते, तिला कागदावर लिहावं लागतं की ग्राहकाचं अडलेलं काम काय होतं. काय सांगू?"

"सांग, पावसाचा आकडा पाठवायचा होता."

"ती म्हणते, किती आकडा?"

"शून्य!"

"शून्य," मर्विनने फोनला सांगितलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, 'सर, म्हणजे आपण एवढा वेळ, सगळे मिळून, शून्य पाठवत होतो?'"

वाल्माई खिडकीतून वाकली. "तिला सांग, शून्य पाठवलं नाही तर पाऊस आला नव्हता की वाल्माई उठली नव्हती, हे कोणाला कसं कळणार?"

मर्विनने ते जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द न गाळता. आणि मग, त्याला कोणी सांगितलं नव्हतं तरी, हळू आवाजात जोडलं, "आणि ती रोज उठते. मी झोपलेला असतो." वारा घराकडे होता म्हणून तेही खिडकीपर्यंत आलं. वाल्माईने उगीचच टेबल पुसलं.

वर फोन बराच वेळ बोलत होता. मर्विनचा चेहरा बदलत गेला.

"वाल्, ती म्हणते, त्यांच्याकडे पाऊस परवापासून थांबलेला नाही. म्हणते, आत्ताही छपरावर इतका वाजतोय की आपलं बोलणं तिला नीट ऐकू येत नाही."

"मग किती झाला?"

"म्हणते, माहीत नाही. त्यांच्या घरी कोणी मोजत नाही."

"कोणी मोजत नाही?" वाल्माई अशा आवाजात म्हणाली की जणू त्या घरी पोरांना कोणी जेवायला घालत नाही. "सगळा पाऊस असाच जातो?"

"असं ती म्हणते."

"तिला म्हणावं, कागद-पेन्सिल घे."

"घेतली म्हणते!"

"सरळ उभी बरणी घ्यायची. वर निमुळती नको, खाली फुगलेली नको. बीटाच्या लोणच्याची असेल तर उत्तम, धुऊन."

"बरणी, सरळ, बीटाची, धुऊन," मर्विनने वरून पाठवलं. "बीट नाही म्हणते, अननसाची चालेल का?"

"सरळ असेल तर चालेल. उघड्यावर ठेवायची, झाडाखाली नाही, वळचणीखाली नाही. वाऱ्याने पडू नये म्हणून दोन विटा लावायच्या. आणि सकाळी नऊला, नऊ म्हणजे नऊ, डोळ्यांच्या रेषेत धरून पट्टीने मोजायचं. मग लिहायचं, मग ओतून द्यायचं, मग परत ठेवायचं. काही नसलं तरी लिहायचं. हे खाली रेघ मारून लिही म्हणावं."

मर्विनने सगळं सांगितलं. रेघेसकट. टकलावरून घाम ओघळत होता, पण तो शिडीचं विसरला होता. तिकडून वाचून दाखवलं गेलं, इकडून दोन दुरुस्त्या झाल्या. मग मर्विन खिडकीकडे वळला.

"ती म्हणते, 'मॅडम, आणि नऊ वाजायच्या आधीच बरणी भरून वाहायला लागली तर काय करायचं?'"

वाल्माईने खिडकीबाहेर पाहिलं. तांबडी माती, पिवळं गवत, त्यात आडवी शिडी आणि उलटी पडलेली हॅट, त्यापलीकडे पार टेकडीपर्यंत काही नाही. तिने वहीचं पहिलं पान उघडलं, आजोबांच्या हातचं, मग मधली, मग सासूच्या अक्षरातली. शंभर वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

"तिला म्हणावं, थांब जरा," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

वर मर्विनने घसा साफ केला. "मॅडम," तो फोनला अदबीने म्हणाला, "कृपया लाइनवर राहा."